शीतजन्य पित्त

शीतजन्य पित्त हा थंड हवा, थंड पाणी, बर्फ किंवा थंड वस्तू यांच्या संपर्कामुळे अंगावर गांधी उठण्याचा विकार आहे. वैद्यकात त्यास 'कोल्ड अर्टिकेरिया' असे म्हणतात. त्वचेवर काही मिनिटांत लालसर, खाजऱ्या, फुगीर गांधी येतात आणि साधारणतः तासाभरात मागे काहीही खूण न ठेवता मावळतात. बहुसंख्य रुग्णांत त्रास एवढ्यावरच थांबतो. परंतु सर्व शरीर एकदम गार झाल्यास, विशेषतः थंड पाण्यात पोहताना, रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. म्हणून नुसती खाज म्हणून या विकाराकडे पाहणे बरोबर नाही.

हा विकार हिमप्रदेशापुरता मर्यादित नाही. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान बहुधा १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली जाते. शिवाय वातानुकूलित कक्ष, शीतगृहे आणि पावसाळ्यातील ओले कपडे यांमुळे या भागातील रुग्णाला थंडीचा सामना वर्षभर करावा लागतो.

नाव

मराठीत 'पित्त' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, तेही पित्त. आणि अंगावर गांधी उठतात, तेही पित्त. या शब्दसाम्यामुळे अनेक रुग्ण गांधी उठल्यावर आम्लपित्ताच्या गोळ्या घेतात, आंबट व तिखट सोडतात आणि थंडीचा संबंध मात्र लक्षात घेत नाहीत. प्रत्यक्षात गांधींचा जठरातील आम्लाशी किंवा यकृतातील पित्तरसाशी थेट संबंध नाही. 'गांध' (अनेकवचन गांधी) हा शब्द अधिक नेमका आहे. गांधीलमाशी चावल्यावर उठणाऱ्या फुगवट्यालाही तोच शब्द लावतात आणि दोन्ही फुगवटे दिसायलाही सारखेच असतात.

आयुर्वेदात 'शीतपित्त', 'उदर्द' आणि 'कोठ' अशा तीन निकटच्या विकारांचे वर्णन एकत्र येते. माधवकराच्या माधवनिदान या ग्रंथात थंड वाऱ्याचा स्पर्श हे या विकारांचे कारण सांगितले असून, त्याने कफ व वात बिघडतात आणि पित्ताशी मिळून त्वचेत पसरतात, अशी उपपत्ती दिली आहे. उपपत्तीची भाषा आजच्या वैद्यकाहून वेगळी असली, तरी गार वारा आणि गांधी यांचा संबंध त्या ग्रंथकाराने अचूक हेरलेला दिसतो. तथापि आज बोलीत 'शीतपित्त' हा शब्द कोणत्याही कारणाने उठलेल्या गांधींना लावला जात असल्याने, या लेखात 'शीतजन्य पित्त' ही संज्ञा वापरली आहे.

पाश्चात्य वैद्यकात या विकाराचा उल्लेख योहान पेटर फ्रांक या जर्मन वैद्याने १७९२ मध्ये केला. १९३६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी थंडीच्या अतिसंवेदनेवर सविस्तर लेखन केले आणि पोहताना होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंशी तिचा संबंध असू शकतो, याकडे लक्ष वेधले.

लक्षणे

चेहरा, कान, हाताचे पंजे, मनगटे आणि पाय या उघड्या भागांवर गांधी आधी येतात. पुष्कळदा त्या गारठ्यात असताना नव्हे, तर ऊब मिळू लागताच फुलतात. दुचाकीवरून कामावर पोहोचलेला मनुष्य हातमोजे काढून चहाचा पेला हातात धरतो, तेव्हा बोटे सुजलेली व लाल दिसतात. त्यामुळे दोष वाऱ्याला न देता चहाला, साबणाला किंवा कारखान्यातल्या एखाद्या रसायनाला दिला जातो. थंड लोखंडी दांडा धरल्याने तळहात सुजणे, ओल्या फरशीवर अनवाणी चालल्याने तळपाय सुजणे, गार पेय घेतल्याने ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, हीही याच विकाराची रूपे होत.

शरीराचा मोठा भाग एकदम गार झाला, तर डोकेदुखी, धडधड, चक्कर, उलटी, पोटात कळा, धाप लागणे आणि बेशुद्धी ही लक्षणे उद्भवतात. या अवस्थेला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' म्हणतात. अशी तीव्र प्रतिक्रिया सर्वाधिक वेळा पोहताना आढळते. पाण्यात उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने शरीराबाहेर जाते. आणि शुद्ध हरपण्याची वेळ नेमकी पाण्यात आली, तर बुडण्याचा धोका वेगळा राहतोच. पवना, इंद्रायणी व भामा या नद्या, धरणांचे जलाशय आणि खेड-मावळातील विहिरी येथे उन्हाळ्यातही पोहणाऱ्यांची गर्दी असते. विहिरीचे पाणी वैशाखातही खोलवर थंडच असते, ही गोष्ट शीतजन्य पित्ताच्या रुग्णाने विसरता कामा नये.

कार्यकारण

त्वचेतील 'मास्ट' पेशींमध्ये हिस्टामीन नावाचे द्रव्य साठवलेले असते. शीतजन्य पित्तात तापमान घसरल्यावर या पेशी उत्तेजित होऊन हिस्टामीन आणि इतर द्रव्ये बाहेर टाकतात. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाण्यासारखा द्रव आजूबाजूच्या त्वचेत झिरपतो आणि गांध उठते. सर्व शरीरात एकाच वेळी असे झाल्यास रक्तवाहिन्यांतील द्रव कमी पडतो व रक्तदाब घसरतो. थंडी मास्ट पेशींना नेमकी कशी चेतवते, याविषयी एकमत नाही. काही रुग्णांच्या रक्तातील द्रव निरोगी व्यक्तीच्या त्वचेत टोचल्यास तेथेही थंडीने गांध उठते, असे जुन्या प्रयोगांत आढळले होते. त्यावरून अ‍ॅलर्जीशी निगडित 'आयजीई' या प्रतिपिंडाचा त्यात हात असावा, असे मानले जाते.

बहुतेक रुग्णांत मूळ कारण सापडत नाही. क्वचित विषाणू वा जिवाणूंचा संसर्ग, कीटकदंश, रक्तात थंडीने साखळणारी 'क्रायोग्लोब्युलिन' प्रथिने, हेपटायटिस सी किंवा लसिका पेशींचे आजार यांमागून हा विकार उद्भवतो. तो बहुधा तरुण वयात सुरू होतो. स्त्रियांत प्रमाण थोडे अधिक आढळते.

प्रतिक्रिया किती अंशांना उमटेल, हे प्रत्येकाचे वेगळे असते. कोणाला बर्फच लागतो, तर कोणाला २० अंशांहून अधिक तापमानाची हवाही पुरते. परंतु तापमापकावरचा आकडा एवढेच गमक नाही. वारा त्वचेलगतचा उबदार हवेचा थर उडवून नेतो. हवा १२ अंशांची असताना ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या उघड्या त्वचेला सुमारे ८ अंशांचा गारठा जाणवतो. त्वचा ओली असेल, तर बाष्पीभवनाने ती आणखी गार होते. म्हणूनच जुलैमध्ये, थंडी नावालाही नसताना, भिजलेल्या अंगाने पंख्याखाली बसल्यावर गांधी उठू शकतात.

औद्योगिक पट्ट्यातील परिस्थिती

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधकारखाना स्थापन झाला. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती पिंपरी, चिंचवड, भोसरी येथे वाढल्या आणि नंतर चाकण परिसरात महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या गावांभोवती वाहन-उद्योग उभा राहिला. निगडी, आकुर्डी, भोसरी, मोशी येथे राहणारे असंख्य कामगार पुणे-नाशिक महामार्गाने किंवा तळेगाव-चाकण रस्त्याने दुचाकीवरून चाकणला जातात. पहिल्या पाळीसाठी घर सोडण्याची आणि तिसऱ्या पाळीवरून परतण्याची वेळ ही दिवसातील सर्वांत गार वेळ असते. थंड वाऱ्याने उठणाऱ्या गांधींच्या दृष्टीने यापेक्षा प्रतिकूल वेळापत्रक शोधून सापडणार नाही.

कारखान्याच्या आतही थंडीची ठिकाणे असतात. रात्रभर गारठलेले लोखंडी सुटे भाग हाताळणे, यंत्रावरील कूलंटने सतत हात ओले राहणे, सुटे भाग उणे तापमानात तपासण्याचे कक्ष, औषधे, अन्न व फुले यांची शीतगृहे ही त्यांपैकी काही. पाळी संपल्यावर अंगावरचा कीस उडवण्यासाठी दाबाच्या हवेचा पाइप अंगावर मारण्याची सवय पुष्कळ कामगारांत असते. ही हवा पाइपाबाहेर पडताना प्रसरण पावून गार होते. डोळ्यांना व कानांना इजा होऊ शकत असल्याने ही पद्धत मुळातच धोकादायक आहे. शीतजन्य पित्त असलेल्याने तर ती सर्वथा टाळावी.

कूलंटमुळे होणारा त्वचादाह आणि शीतजन्य पित्त यांची गल्लत या भागात सहज होते. दोहोंतील फरक काळावरून ओळखता येतो. कूलंटचा दाह बोटांच्या बेचक्यांत व पंजाच्या मागच्या बाजूस दिवसचे दिवस टिकतो, त्वचा कोरडी पडते, तडकते, खपल्या धरते. शीतजन्य गांध मात्र तासाभरात विरून त्वचा पूर्ववत होते. म्हणूनच वैद्यांकडे पोहोचेपर्यंत दाखवण्यासारखे काही उरत नाही, अशी रुग्णांची नेहमीची अडचण असते. गांध उठताच मोबाइलवर छायाचित्र काढून वेळ, ठिकाण आणि त्याआधीचे काम लिहून ठेवल्यास निदानाला मोठी मदत होते. भट्टीजवळ वा ओतकामात घाम आल्यावर बारीक पुरळासारख्या गांधी उठत असतील, तर तो उष्णताजन्य, 'कोलिनर्जिक' प्रकार असण्याचा संभव अधिक. त्याचे पथ्य वेगळे आहे.

निदान

निदानाची मुख्य कसोटी साधी आहे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतील बर्फाचा खडा हाताच्या आतील बाजूवर ५ मिनिटे ठेवून काढून घेतात आणि त्यानंतर १० मिनिटांनी त्वचा पाहतात. त्या जागी स्पष्ट फुगीर गांध उठली, तर कसोटी सकारात्मक मानतात. नुसती लाली धरत नाहीत. पिशवी आवश्यक असते, कारण उघड्या बर्फाने पाण्यामुळे उठणाऱ्या गांधींशी घोटाळा होऊ शकतो. कसोटीच्या किमान ३ दिवस आधी हिस्टामीनरोधक गोळ्या थांबवाव्या लागतात. काही मोठ्या केंद्रांत ४ ते ४४ अंशांपर्यंतचे तापमान एकाच वेळी त्वचेला लावणारे 'टेम्पटेस्ट' हे उपकरण वापरतात. त्यावरून रुग्णाचा नेमका उंबरठा कळतो आणि उपचाराने तो किती खाली आला, हेही मोजता येते.

ज्याला पूर्वी चक्कर, धाप किंवा घसा सुजण्याचा त्रास झाला आहे, त्याने घरी बर्फ लावून पाहू नये. कसोटी नकारात्मक आली म्हणून विकार नाहीच, असेही नव्हे: काही रुग्णांत केवळ संपूर्ण अंग गारठल्यावरच गांधी उठतात.

परिसरात पिंपरी येथील महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि चिंचवडच्या मोहननगर येथील राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय ही मोठी रुग्णालये आहेत. कामगार विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला व त्याच्या कुटुंबीयांना या योजनेतून वैद्यकीय सेवा मिळते.

उपचार

उपचाराचा पाया म्हणजे दुसऱ्या पिढीतील हिस्टामीनरोधक गोळ्या: सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, डेसलोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, रुपाटाडिन इत्यादी. त्यांच्याविषयी सर्वत्र दिसणारा गैरसमज म्हणजे गांध उठल्यावर गोळी घ्यायची. गांध तर तासाभरात आपोआपच जाणार असते. गोळीचा अंमल चढेपर्यंत ती ओसरू लागलेली असते आणि श्रेय गोळीला जाते. हे औषध हिस्टामीनला रक्तवाहिन्यांवर काम करण्यापासून आधीच अडवते, म्हणून थंडीच्या काळात ते रोज, ठरल्या वेळी घ्यावे लागते. नेहमीच्या मात्रेने गुण न आल्यास वैद्याच्या सल्ल्याने मात्रा चौपटीपर्यंत वाढवता येते, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. ही वाढ रुग्णाने परस्पर करू नये, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असल्यास.

जुन्या पिढीतील क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन यांसारख्या गोळ्या औषधांच्या दुकानांत स्वस्त मिळतात व खाजही थांबवतात, परंतु त्यांनी झोप व गुंगी येते. रात्री घेतलेल्या गोळीचा परिणाम सकाळीही शिल्लक राहू शकतो आणि आपण मंदावलो आहोत, हे घेणाऱ्याला जाणवतेच असे नाही. प्रेस मशीन, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने आणि पहाटे महामार्गावरून दुचाकी नेणाऱ्याने या गोळ्या टाळणे इष्ट. खाजेपेक्षा बोटे गमावणे महाग पडते. दुसऱ्या पिढीतील गोळ्यांपैकी सेटिरिझिननेही काहींना सुस्ती येते. फेक्सोफेनाडिनने ती सहसा येत नाही. मद्यासोबत गुंगी वाढते.

गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांत ओमालिझुमॅब हे आयजीई-विरोधी इंजेक्शन दिले जाते. दीर्घकालीन उत्स्फूर्त पित्तासाठी ते सामान्यतः ३०० मिलिग्रॅम, दर ४ आठवड्यांनी त्वचेखाली देतात. शीतजन्य पित्तातही त्याचा चांगला उपयोग दिसून आला आहे, मात्र किंमत सर्वसामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेरची आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणे अयोग्य होय: रक्तशर्करा, रक्तदाब, हाडे या सर्वांवर त्यांचे दुष्परिणाम होतात आणि मूळ विकार जात नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनच्या उपचारक्रमाने काही रुग्ण बरे झाल्याच्या नोंदी आहेत, पण तो सर्रास करण्याचा उपाय नव्हे. रोज थोड्या थोड्या थंड पाण्याने शरीराला सवय लावण्याची पद्धतही आहे. ती सुरू करताना तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते आणि सवय मोडताच लाभ जातो, म्हणून ती रुग्णालयातील देखरेखीखालीच सुरू करावी.

महाराष्ट्रात गांधी उठल्यावर आमसूल पाण्यात भिजवून ते पाणी अंगाला लावण्याची आणि पिण्याची रीत जुनी आहे. अंगाला लावल्याने तात्पुरते बरे वाटते आणि अपाय सहसा होत नाही. परंतु थंडीनेच गांधी उठत असतील, तर ओले अंग वाऱ्यावर ठेवणे हे कारणालाच आमंत्रण ठरते. आणि श्वास कोंडत असताना आमसूल शोधण्यात घालवलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

तातडीचे उपाय

गांधींबरोबर घसा आवळणे, आवाज बसणे, धाप, चक्कर, वारंवार उलटी किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही दिसल्यास ती आणीबाणी समजावी. रुग्णाला प्रथम गारठ्यातून किंवा पाण्यातून बाहेर काढून, ओले कपडे उतरवून, कोरड्या पांघरुणात गुंडाळावे. त्याला आडवे करून पाय उंचावर ठेवावेत; श्वासाचा त्रास असल्यास बसू द्यावे, पण एकदम उभे करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या अवस्थेतील पहिले औषध अ‍ॅड्रेनालिन असून ते मांडीच्या बाहेरील मध्यभागी स्नायूत देतात. प्रौढांसाठी मात्रा साधारणतः ०.५ मिलिग्रॅम असते. हिस्टामीनरोधक किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. परदेशांत रुग्ण स्वतःच टोचून घेऊ शकेल अशी भरलेली अ‍ॅड्रेनालिनची लेखणी बाळगतात. भारतात ती सहज उपलब्ध नसल्यामुळे जवळचा दवाखाना आणि कारखान्यातील प्रथमोपचार कक्ष यांची माहिती आधीच असणे महत्त्वाचे ठरते. १९४८च्या कारखाने अधिनियमाने ५०० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत रुग्णोपचार कक्षाची तरतूद केली होती. तेथील परिचारकाला आणि पाळीप्रमुखाला आपल्या विकाराची कल्पना देण्यात संकोच बाळगू नये. पुष्कळ कंत्राटी कामगार काम जाईल या भीतीने गप्प राहतात, हे खरे आहे. पण शीतगृहात एकट्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत हे मौन सर्वांत धोकादायक ठरते.

पथ्य

दुचाकीवर पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, त्याच्या आत कानटोपी किंवा मफलर, वारा न शिरणारे जाकीट आणि हातमोजे वापरावेत. लोकरीचा स्वेटर ऊब धरतो, पण वेगाच्या वाऱ्याला अडवत नाही. त्यावर रेनकोटसारखे काही घातल्यास तोच स्वेटर पुरेसा होतो. कामावर पोहोचल्यावर तडक शेगडी किंवा गरम पाण्याकडे न धावता हळूहळू ऊब घेतल्यास गांधींचा जोर कमी राहतो, असा अनेकांचा अनुभव असतो. अंघोळ कोमट पाण्याने करून अंग न्हाणीघरातच कोरडे करावे. बर्फाचा गोळा, आइस्क्रीम, फ्रिजमधले पाणी यांनी पूर्वी ओठ वा घसा सुजला असेल, तर ते कायमचे वर्ज्य समजावे.

पोहणे शक्यतो टाळावे, आणि एकट्याने तर कधीच पोहू नये. गोळी घेतली आहे म्हणून पाण्यात उडी मारणे हा धोकादायक आत्मविश्वास होय, कारण गोळीने गांधी दबल्या तरी रक्तदाब घसरणारच नाही, याची शाश्वती नसते. शाळेच्या सहली धरणावर किंवा जलक्रीडा उद्यानात जातात, तेव्हा पालकांनी मुलाचा विकार वर्गशिक्षकांना लेखी कळवणे योग्य. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला सांगणेही तितकेच आवश्यक आहे: शस्त्रक्रियागृह थंड असते, शिरेतून दिली जाणारी सलाइन गार असू शकते, आणि आधी कळल्यास दोन्ही गोष्टी उबदार ठेवता येतात.

हा विकार बहुधा काही वर्षे टिकतो. सुमारे निम्म्या रुग्णांत पाच-सहा वर्षांत तो नाहीसा होतो किंवा पुष्कळ सौम्य होतो. काहींत मात्र दशकभराहून अधिक काळ राहतो.

आनुवंशिक प्रकार

एकाच घरातील अनेक पिढ्यांना लहानपणापासून थंडीने पुरळ येत असेल आणि त्यासोबत ताप, सांधेदुखी, डोळे लाल होणे ही लक्षणे असतील, तर तो वेगळाच, दुर्मीळ विकार असू शकतो. त्यात पुरळ मिनिटांत नव्हे, तर गारठ्यानंतर १-२ तासांनी येते व बराच काळ टिकते. बर्फाची कसोटी नकारात्मक येते. १९४० मध्ये त्याचे वर्णन झाले आणि २००१ मध्ये 'एनएलआरपी३' या जनुकातील बदलाशी त्याचा संबंध सिद्ध झाला. येथे दोष हिस्टामीनचा नसून 'इंटरल्यूकिन-१' या दाहकारक द्रव्याचा असतो, त्यामुळे हिस्टामीनरोधक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. अनाकिन्रा किंवा कॅनाकिनुमॅब यांसारखी इंटरल्यूकिन-१ रोखणारी औषधे द्यावी लागतात. २०१२ मध्ये 'पीएलसीजी२' या जनुकातील दोषाने होणारा आणखी एक कौटुंबिक प्रकार वर्णिला गेला. त्यात बर्फ लावून काही होत नाही, पण ओल्या त्वचेवर वारा घातला की गांध उठते.